घरटी एक

पिठोरी अवसेच्या सकाळी पुतळी घराला कुलूप लावून निघाली ती उपाशीपोटी, पण मोठ्या खुशीत. किल्ली कमरेला खोचली आणि पिशवी हातात घेतली. पिशवीत दोन मेणबत्त्या होत्या, मोगऱ्याचा गजरा होता आणि बिस्किटांचा पुडा होता. पुडा लेकीसाठी. लेक लग्न होऊन पेणला गेली म्हणून तिची भूक काही आईच्या डोक्यातून जात नाही.

लेक अपेक्षा आदल्या दिवशीच माहेरी आली होती आणि आल्या आल्या तिनं फर्मान काढलं होतं, "आये, उद्या तुला कोटाला नेणार. दरसाल म्हणतेस पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी. माउली काय तुझ्यासाठी खाडी वलांडून येनार हाय?"

हे कोट म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. रोह्याच्या खाली खाडी रुंद होत जाते. तिच्या दक्षिण काठावर फिरंग्यांच्या काळात एक शहर होतं. तट होता, बाजारपेठ होती, धक्क्याला गलबतं लागायची. आज त्या शहराच्या जागी नारळी-पोफळी आहेत, दोन किराणा दुकानं आहेत आणि एक चर्च. शहर गेलं, चर्च तेवढं राहिलं. त्याला चौकोनी उंच मनोरा आहे. मधे बरीच वर्षं तो पडायला आल्यामुळे बंद होता, अलीकडे डागडुजी करून लोकांना बघायला खुला केलाय. पलीकडच्या काठावर पुतळीचं सासर, शिरखार. शिरखारच्या बायका लावणी करताना पाठ सरळ करायला उठल्या की समोर पहिला दिसतो तो हा पांढरा मनोरा. चर्चमध्ये लेकरू कडेवर घेतलेली माउली आहे, हे त्यांना आज्या-पणज्यांपासून ठाऊक. लेकरू कडेवर घेतलेली बाई कुठल्या का धर्माची असेना, पिठोरीला तिच्यापुढं एक बत्ती लावली तर काय बिघडलं, असा त्यांचा साधा हिशेब. पिठोरी हा लेकरांसाठी करायचा उपास. विधवेनं तो करावा की नाही यावर गावात मतं होती. पुतळीनं ती ऐकली आणि सोडून दिली. लेकरं आहेत तोवर आई ती आईच.

पण कोटाला जाणं काही जमत नव्हतं. कारण पिठोरी म्हणजे अवस, अवस म्हणजे उधाण, आणि उधाण म्हणजे शिरखारला बांध.

शिरखारची भातशेती समुद्राकडून उसनी आणल्यासारखी आहे. भरतीचं पाणी वर आणि शेत खाली, मधे मातीचा लांबलचक बांध. बांध फुटला तर त्याला खांड पडली म्हणतात. खांडीतून खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे तिथं दाणा पिकत नाही. म्हणून शिरखारचे दोन कायदे, आणि ते मोडायची कुणाची छाती नाही. पहिला कायदा, खांड पडल्याची हाक आली की घरटी एक माणूस बांधावर आलाच पाहिजे. सुतक असो, लग्न असो, घरटी एक. दुसरा कायदा, खांड बुजेपर्यंत बांधावर कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. "ए गडी" म्हणा, "अरे" म्हणा, शीळ घाला. नाव मात्र नाही. पाण्यानं नाव ऐकलं की ते नाव पाण्याचं होतं, असं म्हणतात.

पुतळीचं माहेर गागोद्याच्या बाजूला, डोंगरपट्टीत. तिकडे भात, वाल, नाचणी. पाणी आभाळातून पडतं आणि ओढ्यातून जातं, कुणाचं नाव विचारत नाही. नवी नवरी होती तेव्हा तिला या कायद्यांचं हसू यायचं. तिचा मुलगा रितेश जेमतेम चालायला लागला होता त्या वर्षी तिचं हसू कायमचं गेलं. उघाडीजवळ, म्हणजे शेतातलं पाणी सोडायची दारं आहेत तिथं, बांध फुटला. तिचा नवरा दिनानाथ खांडीत छातीएवढ्या पाण्यात उभा होता. त्याच्या पायाखालची माती सरकताना शेजारच्या बाबाजीनं पाहिली आणि मायेपोटी त्याच्या तोंडून निघून गेलं, "दिनानाथ, सर मागं!" दिनानाथनं वळून पाहिलं. तेवढंच झालं. प्रेतसुद्धा मिळालं नाही. पुढचे आठ दिवस पुतळी भरतीच्या वेळी बांधावर उभी राहून पाण्याला हाका मारत होती. घसा बसला तेव्हा बायकांनी तिला धरून घरी आणलं.

या साली उघाडीजवळचा बांध परत पाझरायला लागला होता. पण रितेश आता हाताशी आला होता. धाटावच्या कंपनीत कामाला, रात्रपाळी. "सकाळी सुटलो की परस्पर बांधावर जातो," असं त्यानं आईला सांगितलं होतं. "तू बिनघोर जा गो आये. आपल्या घरचा मी हाय." म्हणून तर ती निघाली होती. खाडीवरची तर, म्हणजे माणसं नेणारी होडी, पावसाळ्यात बंद असते, म्हणून रोह्याहून एस्टी पकडून पुलावरून मोठा वळसा घालत मायलेकी कोटाला उतरल्या. श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ चालू होता.

चर्चच्या आत पाऊल टाकलं आणि पुतळीची चप्पल आपोआप पायातून निघाली. आत गारवा होता, विहिरीत उतरल्यासारखा. ओल्या चुन्याचा, मेणाचा आणि कुठेतरी वर लटकलेल्या वटवाघळांचा वास येत होता. छत इतकं उंच की तिच्या डोक्यावरून पदर घसरला. पायाखालच्या फरशांवर अक्षरं कोरलेली होती. "खाली मानसं हायत," अपेक्षा कुजबुजली, तशी पुतळी फरशांच्या कडेकडेनं चालू लागली. समोर माउली. लाकडाची, रंग उडालेली, नाक झिजलेलं. पण लेकरू कडेवर कसं घट्ट धरलेलं! शेतावर निघालेल्या बाईनं धरावं तसं. पुतळीनं दोन बत्त्या लावल्या, गजरा पायाशी ठेवला, हात जोडले. 'एक माझा गेला पाण्यात,' ती मनात म्हणाली, 'ही दोन ठेव.' याहून जास्त मागणं तिला सुचलं नाही आणि डोळे मात्र भरून आले.

चर्चची देखभाल करणारा पास्कूमामा दारात बसला होता. सत्तरीचा, हाफ पँट, गळ्यात क्रूस. मनोऱ्याच्या दाराची किल्ली त्याच्याकडे.

"कुठल्या गो तुम्ही?"

"शिरखारच्या."

त्यानं मान वर केली. "शिरखारच्या… आणि आज इकडं? आज तर उधाण."

"घरचं मानूस हाय बांधावर," पुतळी म्हणाली.

"मग ठीक." तो उठला, दार उघडलं. "वर घंटा हाय. पूर्वी तुमच्याकडं खांड पडली की आमची मानसं ती घंटा वाजवत. दोन्ही काठांला ऐकू जायची. आता लोलक काढून ठेवलाय, मनोऱ्याला हादरा नको म्हनून." किल्ली खिशात टाकत तो म्हणाला, "भरती पुरी व्हायच्या आत उतरा. आणि वर गेल्यावर हळू बोला. तिथलं बोललेलं पलीकडं जातं… पलीकडचं इथं येतं."

"असं कसं हो मामा?" अपेक्षा हसली.

"वारा असतो," म्हातारा म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

जिना अरुंद, गोल गोल चढणारा. भिंतीला हात लावत जायचं. भिंत घामेजल्यासारखी ओली. मधे एका ठिकाणी पूर्ण अंधार झाला. पुढं लेकीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. पुतळीचे गुडघे कुरकुरू लागले. 'हौसेला मोल नाही' म्हणतात ते खरं, पण हौसेला गुडघे लागतात हे कुणी सांगत नाही. मग एकदम उजेड आला, वारा आला, आणि ती घंटेखाली उभी राहिली.

घंटा केवढी! दोन माणसांच्या कवेत मावणार नाही अशी, हिरवट पडलेली, आत पोकळ आणि काळोखी. पण पुतळी घंटेकडे नीट बघूसुद्धा शकली नाही. चारी बाजूंच्या कमानींतून जग पसरलं होतं. मागं डोंगर, त्यांवर ढगांच्या सावल्या. एका बाजूला धाटावच्या चिमण्यांचा धूर. खाली भरून वाहणारी खाडी आणि तिच्या पलीकडे तिचं गाव.

"आये, त्ये बघ आपलं घर!"

पुतळीनं पाहिलं. आयुष्य गेलं ते गाव तळहातावर मावेल एवढं. हिरवंगार भात, त्यात पायवाटा, कडेनं घरं. आणि मग तिनं जे पाहिलं ते इतकी वर्षं माहीत असून कधी पाहिलं नव्हतं. पाणी वर होतं. शेत खाली होतं. केवढंच्या केवढं राखाडी पाणी, सगळ्या समुद्राची रेटारेटी मागं घेऊन, गावाच्या डोक्यावर उभं होतं. आणि त्याला अडवून धरणारा बांध इथून गोधडीच्या शिवणीएवढा दिसत होता. एवढ्याशा मातीच्या भरवशावर आपण रात्री झोपतो? तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा होता, पण नुसत्या भीतीचा नव्हता. ज्यांनी पहिल्यांदा इथं समुद्राला माती दाखवून 'थांब' म्हटलं, त्या माणसांना हात जोडावेत असं तिला वाटलं.

बांधावर माणसं दिसत होती. फार थोडी.

"एवढीच?" अपेक्षा म्हणाली.

एवढीच. गावातली अर्धी घरं कुलपात. कुणी पनवेलला, कुणी मुंबईला, कुणी कंपनीत. 'गाव करील ते राव काय करील' म्हणतात, पण गावात गाव तर हवं! पाच-सहा ठिपके उघाडीजवळ हलत होते. त्यातलं सगळ्यात वाकलेलं ते बाबाजीचं. पुतळीनं एकेकाला ओळखलं. रितेश त्यात नव्हता.

"लाव गो त्याला फोन."

अपेक्षानं लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. "कंपनीत फोन लॉकरमधी ठेवतात, आये. रिलिव्हर आला नसंल तर सोडत नाय त्याला…"

"मग आपल्या घरचं कोन हाय तिथं?"

वारा पडला होता. आणि तेव्हा पुतळीला पहिल्यांदा ऐकू आलं. खालचं काही नाही, चर्चच्या अंगणातलं काही नाही, खाडीपलीकडचं. फावडं चिखलात रुतल्याचा आवाज. कुणीतरी धापा टाकतंय. कानाशी बसून टाकावं इतक्या जवळून. मग एक लांब, ओला, सुस्कारा सोडल्यासारखा आवाज, आणि शिवण एका जागी उसवली. राखाडी पाण्याची एक जीभ हिरव्यात उतरली.

"खांड," पुतळी म्हणाली.

तोल जाऊ नये म्हणून तिनं घंटेला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. मग पुन्हा लावला. लोलक नसलेली घंटा थरथरत होती. आवाज नव्हता. पण आतून, गाईच्या पोटाला हात लावल्यावर कळावं तसं, घंटा वाजत होती.

"आये…" थोड्या वेळानं अपेक्षा म्हणाली. आवाजात सुटकेचा आनंद होता. "बघ, आलं गाव! सगळी आली बघ!"

घरांतून माणसं निघत होती. एका घरातून एक. शेतातल्या पायवाटांनी एकामागं एक, घाई नाही, बोलणं नाही, खांद्यावर कुदळ, डोक्यावर बांबूची टोपली. बांबूची. हल्ली शिरखारात टोपली कुणाकडे नाही, सगळ्यांकडे प्लास्टिकची घमेली. पुतळीनं डोळे बारीक केले. कुलपातल्या घरांतूनही माणसं निघत होती. लंगडत चालला तो जनू. जनूच्या तेराव्याचं जेवण पुतळीनं स्वतः रांधलं होतं. त्याच्या मागचा उंच, तो विठू. विठू गेला तेव्हा अपेक्षा पाळण्यात होती. त्याच्या पुढच्यांना पुतळीही ओळखत नव्हती. लंगोटीतली, उघड्या अंगाची, कोळशासारखी काळी माणसं. बांधावर रांग लागली, आणि चिखलाचे गोळे हातातून हातात जाऊ लागले. उजवीकडून डावीकडे, उजवीकडून डावीकडे. तोंडातून हुंकार तेवढा. कुणाचं नाव नाही.

पुतळीचे हात आपोआप जोडले गेले. भ्यायला हवं होतं, पण छाती कशानं तरी भरून आली होती. ज्यांच्या घरांना कुलपं, त्यांच्या घरचीही माणसं आली होती. कायदा म्हणजे कायदा.

"कोन हायत गो ही?" अपेक्षानं विचारलं. तिचा आनंद कुठल्या कुठे गेला होता. फोन हातात होता, पण फोटो काढायचं तिच्या मनातही आलं नाही.

"आपलीच," पुतळी म्हणाली.

आणि मग तिच्या घराचं दार उघडलं.

सकाळी स्वतः कुलूप लावलेलं. किल्ली कमरेला टोचत होती. त्या दारातून एक माणूस निघाला. डावा खांदा जरा वर उचलून चालायची सवय. तो पायवाटेनं आला, रांगेत शिरला, थेट खांडीच्या तोंडाशी, जिथं बांध सगळ्यात पातळ होता तिथं उभा राहिला. सगळ्या रांगेचे हात एकीकडे वळत होते, त्याचे दुसरीकडे. डावखुरा. पुतळीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

दिनानाथ.

बघून घ्यावं, डोळे भरून बघून घ्यावं, असं एका बाजूनं वाटत होतं. आणि दुसऱ्या बाजूनं मन हिशेब मांडत होतं. घरटी एक. आपल्या घरचा एक आला. ज्या ज्या घरचं जिवंत माणूस बांधावर नव्हतं, त्या त्या घरचंच माणूस निघालं होतं. मग रितेश… येणारच नाही? की यायला उरलाच नाही? रात्रभर जागून मोटारसायकल चालवणारं पोर…

"माउले," ती पुटपुटली, "माउले, माउले…"

किती वेळ गेला कोण जाणे. पाणी अजून चढतच होतं. एवढ्यात गावाच्या रस्त्यावर काहीतरी चमकलं. मोटारसायकल. ती बांधापाशी आडवी पडली आणि निळ्या गणवेशातलं एक माणूस बांधावरून धावत सुटलं.

"आपला हाय! आये, आपला!" अपेक्षा पुटपुटत रडू लागली.

रितेश रांगेतून खांडीपर्यंत पोचला. त्याला रांग दिसत होती की नाही, कळत नव्हतं. डावखुऱ्यानं हातातला गोळा त्याच्या हातात दिला. रितेशनं तो घेतला, खांडीत दाबला. घरचा एक आला. आता दुसऱ्यानं जायचं. पण दिनानाथ गेला नाही. तो रितेशच्या खांद्याला खांदा लावून तिथंच उभा राहिला. शिरखारच्या बांधावर एका घरची दोन माणसं.

आणि मग वरून त्यांना दिसलं, जे खाली रितेशला दिसणं शक्य नव्हतं. त्याच्या पायाखालून मातीची एक फाक हळूहळू सुटत होती.

अपेक्षानं तोंड उघडलं. सख्खा भाऊ, पायाखालची माती जातेय, आणि इथलं बोललेलं पलीकडं जातं… कुणीही ओरडेल. नाव ओठांवर आलं होतं. पुतळीनं झडप घातली, लेकीच्या तोंडावर हात दाबला, तिला भिंतीशी रेटलं. दात तळहातात रुतले तरी सोडलं नाही. तिच्या स्वतःच्या घशात तेच नाव अडकलं होतं. ते तिनं गिळलं. जन्मात इतकं जड काही गिळलं नव्हतं. डोळे मिटले नाहीत. लेकीला दाबून धरत ती बघत राहिली. रितेश क्षणभर थबकला. त्याची मान मागं वळू लागली… आणि थांबली. त्यानं पुढचा गोळा घेतला. त्याच्या पायाखालची फाक सुटली आणि खाली गेली. पण तो तोवर एक पाऊल पुढं सरकला होता.

खांड बुजली. भरती वळली तेव्हा पाण्याचा रेटा पडला, आणि रांगेतली माणसं आली तशी निघून गेली नाहीत; ऊन आलं आणि ती त्यात दिसेनाशी झाली. बांधावर पाच-सहा ठिपके आणि एक निळा ठिपका राहिला. पुतळीनं घंटेला हात लावून पाहिला. घंटा गार होती, गप्प होती.

खाली पास्कूमामानं दोघींची तोंडं पाहिली आणि कळशीतलं पाणी दिलं.

संध्याकाळी दिवेलागणीला पुतळीनं पिठोरी मांडली. रितेश आंघोळ करून आला होता, हातांना फोड आले होते, पण धडधाकट होता. "रिलिव्हरच आला नाय," तो सांगत होता. "पोचलो तवा आम्ही सातजन, आनि खांड ही एवढी. बाबाजी काका म्हनला, पान्याला दया आली. नायतर सातजनांत बुजते व्हय?"

पुतळीनं खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरलं, लेकरांकडे पाठ केली आणि पिठोरीला प्रत्येक आई विचारते तसं विचारलं, "अतीत कोन?"

अतीत म्हणजे अतिथी; मागून लेकरानं आपलं नाव सांगून वाण घ्यायचं असतं. पण मागून नाव आलं नाही, प्रश्न आला.

"आये," रितेश हळूच म्हणाला, "दुपारी तू हाक का मारलीस?"

वाण तिच्या डोक्यावर डळमळलं. ती वळली. "मी? मी नाय मारली."

"मारलीस. माजं नाव घेऊन. दोनदा. तुजाच आवाज. मी मागं बघनार होतो…" त्यानं मानेवरून हात फिरवला. "बाजूला कोनतरी होता. डोक्याला फडकं, डावरा. मी तोंड नाय बघितलं, कामात होतो. त्यानं माझी मान धरली, पुढंच धरून ठेवली. म्हनला, 'नको बघू. ती तुजी आये नाय.'"

अपेक्षा भावाकडे बघत राहिली. "आये माज्यासंगं होती. तिनं माजं तोंड दाबून धरलं होतं. ती एक अक्षर बोलली नाय, रितेश."

"मग पान्याकडनं कोन बोलावत होतं?"

पुतळीनं वाण डोक्यावरून उतरवून खाली ठेवलं. तिला कळलं. रितेश जेमतेम चालायला लागला होता त्या वर्षीचे ते आठ दिवस. भरतीच्या वेळी, त्याच बांधावर, घसा फाटेपर्यंत मारलेल्या हाका. बांधावर नाव घ्यायचं नाही, हा शिरखारचा कायदा तिला तेव्हा शिकवलेला होता. आणि नवऱ्याचं नाव बाईनं कुठंच घ्यायचं नाही, हा तर माहेरचाही कायदा. मग बाई नवऱ्याला कशी हाक मारते? लेकराचं नाव पुढं करून. आठ दिवस, भरतीमागून भरती, ती पाण्याला ओरडून सांगत होती, 'अहो, रितेशच्या बाबा… ओ, रितेशच्या बाबा…'

पाण्यानं सगळं ऐकून ठेवलं होतं. नाव पण आणि आवाज पण.

त्या संध्याकाळनंतर पुतळीनं मुलाचं नाव कधी घेतलं नाही. 'अरे' म्हणते, 'बाला' म्हणते, लांब असला तर थाळी वाजवते. रितेशला तिनं एकच सांगून ठेवलंय, "माज्या आवाजात तुला कोनी नावानं बोलावलं, तर ती मी नाय. ओ देऊ नको." तो देत नाही. दर उधाणाला बांधावर जातो, आपल्या घरचा एक म्हणून, आणि दर उधाणाला पाण्याकडून आईचा आवाज त्याला बोलावतो. कधी लाडानं, कधी जेवायला वाढलंय म्हणून. तो मान खाली घालून चिखल दाबत राहतो. डावीकडची जागा कुणी घेत नाही. ती मोकळीच ठेवायची, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक झालंय. आता सवय झाली, असं तो म्हणतो.

गेल्या अवसेला मात्र तो घरी आला तो थेट आईला बघायला. आई चुलीपाशी भाकरी भाजत होती, चांगली ठणठणीत. त्यानं तिला काही सांगितलं नाही, बहिणीला तेवढं फोनवर सांगितलं. आज आवाज हाक मारता मारता मधेच थांबला म्हणे. आणि खोकला. कोरडा, खोल खोकला, बराच वेळ.

पुतळीला खोकला लागला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.